चालेल की उडेल?

आमच्या सरांसमोर ‘चालेल’ हा शब्द काढायची सोय नाही. “चालायला रिक्षा आहे. हे उडेल का, ते सांग!” असं म्हणून ते चष्मा कपाळावर चढवतात.

सोमवार ते शुक्रवार सर पुण्यात जेट इंजिनाच्या भागांच्या डिझाइनवर डोळे फोडतात आणि शनिवार-रविवार बारामतीला आम्हा पोरांना विमान शिकवतात. आठवडाभर मिलिमीटरच्या हजाराव्या भागावरून भांडायचं आणि सुटीत आमची लँडिंग्ज बघायची. आम्हाला धावपट्टीची मधली पांढरी रेघ सापडली तरी त्या दिवशी सण.

टर्बाइनच्या पात्यावरून जाणारा वायू इतका तापलेला असतो की पात्याचा धातू वितळायलाच हवा. पात्यातल्या बारीक भोकांतून हवा खेळवतात म्हणून ते टिकतं. “भोक जरासं सरकलं तर?” मी एकदा विचारलं. मुलगी बघायला आलेल्याने ‘सध्या काही करत नाही’ म्हटल्यावर मुलीचा बाप बघतो, तसे सर माझ्याकडे बघत राहिले.

या माणसाला कुठेही चैन नाही. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी डोक्यावरच्या पंख्याचा आवाज ऐकतात. “बेअरिंग गेलंय,” म्हणून चार खुर्च्या पुढे सरकतात. पाठोपाठ अख्खी पंगत सरकते.

आमचं विमान सेसना १५२ म्हणजे पंख लावलेलं एस.टी.चं बाकडं, कोपराला कोपर लागतं. उडण्याआधी सर टाकीच्या तळाचं इंधन नळीत काढून उजेडाकडे धरतात. निळ्या इंधनाखाली पाण्याचा थेंब तर नाही? तूप कढलं की नाही, हे आजी इतक्याच संशयाने बघते. मग इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर आणून ठिणगी देणारा एकेक मॅग्नेटो बंद करायचा. फेऱ्या १२५ पेक्षा जास्त घसरता कामा नयेत. एकदा ११० घसरल्या. मी बेसावधपणे म्हणालो, “चालेल.”

“मर्यादेत आहे, असं म्हणायचं!” इंजिनापेक्षा मोठा आवाज आला.

मग एका रविवारी, काही न सांगता, सर पट्टा सोडून खाली उतरले. “एक चक्कर मारून ये. एकटा.”

त्यांचं वजन उतरल्यामुळे विमान भलतंच भराभर चढलं. शेजारची सीट रिकामी होती, तरी तिथून ओरडा ऐकू येत होता. उसाच्या फडांवरून वळून मी उतरलो. म्हणजे तीनदा उतरलो. तळ्यावर भिरकावलेली खापरी उतरते तसा. रेघ बरीच डावीकडे राहिली होती.

सर धावपट्टीच्या कडेला उभे होते. चष्मा कपाळावर, हातातल्या रुमालाचा पार पिळा झालेला. माझं लॉगबुक घेऊन त्यांनी सही केली. ती मात्र रेघेवर, तंतोतंत.

“सर, तीन उसळ्या...”

त्यांनी आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं.

“चालेल,” म्हणाले.