रीसेट दाबून धरा, वीज आपोआप जाईल

१९८७ साली अमेरिकेत आलेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा' या व्हिडिओ गेमच्या सोनेरी कॅसेटमध्ये नाण्याएवढी बॅटरी होती. खेळाडूची प्रगती तीच जपायची. सूचना कडक: आधी रीसेट दाबून धरा, मगच पॉवर बंद करा; नाहीतर जपलेला खेळ पुसला जाण्याची भीती.

हे लिहिणारा सद्गृहस्थ केडगावला फिरकलेला नसावा. भारनियमनाच्या काळात पॉवर बंद करण्याचा मान दौंड तालुक्यात खेळाडूला नव्हता. तो परस्पर वरूनच बजावला जाई. आपल्याकडच्या नकली कन्सोलांनी मात्र हा प्रश्न मुळातूनच सोडवला. कॅसेटवर खेळ हजारो, आत मोजकेच, आणि जपायची सोय शून्य. वीज आली की 'कॉन्ट्रा' पुन्हा पहिल्यापासून. समता यालाच म्हणतात!

आता जुन्या कॅसेटची बॅटरी संपत आली की बदलावी लागते, आणि ती काढली की जपलेलंच जातं. रक्षण हवं तर आधी विसर्जन करा.

जपानी 'ड्रॅगन क्वेस्ट'ने १९८६ मध्येच शहाणपणा केला: वीस अक्षरांचा परवलीचा मंत्र खेळाडूकडून कागदावर उतरवून घेतला. कागदावरच्या या भरवशाचं केडगावला नवल नाही. पंडिता रमाबाईंचं मराठी बायबल इथल्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलं गेलं. कागदाला भारनियमन नसतं. त्याला फक्त रद्दीवाला भेटतो.