कोंबड्यांची स्थळं

"खुराडं बांधून तयार, आणि आत कोण राहणार ते अजून ठरलेलंच नाही! कमाल आहे बाई तुमची." काकूंनी मधल्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली. म्हणजे कुकरची शिट्टी झाल्याशिवाय आता त्या हलणार नव्हत्या.

"ठरलंय की. हे म्हणतात, कडकनाथच आणू."

"म्हणणारच. धार ओलांडली की झाबुआ. मग बाकीच्या कोंबड्या कशाला दिसतील? धोनीनं दोन हजार पिल्लं मागवल्याची बातमी आली २०२० साली, तेव्हापासून आपल्या देवास रोडवर प्रत्येक पुरुषमाणूस कडकनाथाचा जाणकार झालाय."

"पण जीआय मानांकन आहे ना काकू त्याला?"

"आहे की, २०१८चं. त्याच्यासाठी छत्तीसगडच्या दंतेवाड्यानंही दावा लावला होता. कोंबडीवरून दोन राज्यांत जुंपली, शेवटी झाबुआला मिळालं. पण मला सांग, स्थळ बघताना नुसतं घराणं बघतात का? तुझ्या घरात कोंबडी शिजत नाही, तुला हवीत अंडी. ती कडकनाथीण देणार वर्षाला ऐंशी, फार तर शंभर. रवणावर नीट बसेल याचाही भरवसा नाही. तिचं सगळं कौतुक मांसाचं. ते तुझ्या काय कामाचं?"

काकूंच्या मागे पडवीत काका पेपर वाचत होते. काका पशुपालन खात्यातून निवृत्त. पेपर समोर धरलेला, कान भिंतीकडे.

"अंडं काळं नसतं बरं का," पेपरामागून आवाज आला. "फिकट तपकिरी असतं. रक्तही लालच. कातडी, मांस, हाडं, जीभ हे काळपट. मेलॅनिनमुळे."

"जिभेचं नीट सांगा तिला." आणि काका तोंड उघडायच्या आत काकूंनीच सांगितलं. "काळ्या पिसांची कुठलीही संकर कोंबडी कडकनाथ म्हणून गळ्यात मारतात. चोच उघडून जीभ बघायची. तुरा बघायचा, तळपाय बघायचे. कुठे गुलाबी दिसलं की स्थळ नापसंत. आणि घ्यायचाच असला तर झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी कर, तिथे पिल्लं काढतात. ते केंद्र ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे विद्यापीठाच्या हाताखालचं. म्हणजे शेवटी आपल्याच शिंद्यांकडून."

काकूंचं माहेर शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेलं. बायजाबाईंच्या गोपाळ मंदिरापासून कोंबडीच्या पिल्लापर्यंत उज्जैनमध्ये जे जे चांगलं, ते त्यांना शिंद्यांच्या खात्यावर मांडता येतं. मी कधी वाद घालत नाही.

"आणि कडकनाथात पैसा आहे असं यांच्या डोक्यात असेल तर वेळीच काढ. माझ्या एका मावसभावानं तिकडे सांगलीकडे घातले होते. पिल्लं आम्ही देऊ, खाद्य आम्ही देऊ, अंडी आम्हीच विकत घेऊ, आणि भाव काय कबूल केलेले! २०१९मध्ये इस्लामपूरची ती योजना कोसळली. गडी अजून त्या विषयावर बोलत नाही. घरात कोंबडीचं नाव काढायची सोय नाही."

"मग वनराजा?"

"नाव राजाचं, पण पळता येत नाही." काकूंनी हात झटकला. "हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेनं काढलेली. रंगीबेरंगी, अंगानं भरलेली, लांबून गावरानच वाटावी. परसात शंभर-एकशे दहा अंडी देते. वाईट नाही. पण आपल्याकडे बोके बघितलेस? नाल्यात मुंगूस आहे. गावरान कोंबडी फडफड करून पेरूवर जाऊन बसेल. वनराजा खाली उभी राहून बघेल, काय गडबड आहे म्हणून."

"ग्रामप्रिया बघा म्हणावं," काका म्हणाले. "त्याच संस्थेची. हलकी, चपळ. नीट खाऊपिऊ घातलं तर वर्षाला दीडशेच्या वर अंडी. कवच तपकिरी, त्यामुळे गावरान म्हणून खपतात."

"तिला खपवायची नाहीयेत, खायचीत."

"मग जबलपूरची नर्मदानिधी. तिथल्या नानाजी देशमुख पशुविज्ञान विद्यापीठाची. जबलपूर कलर आणि कडकनाथ यांच्यापासून केलेली. कडकनाथाचा अंश पाव."

"पाव म्हणजे नात!" काकू एकदम खुश झाल्या. "झालं तर. यांना सांग, कडकनाथाची नात आणली. घराणंही राखलं आणि अंडीही आली."

हे मला पटलं. संध्याकाळी यांना असंच सांगायचं मी तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं. एवढ्यात काकूंनी खरी मेख काढली. अंडी सुरू झाली, दोन-तीन वर्षांनी कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या. पुढची पिल्लं कुठून आणणार?

"अंड्यांवर बसवायची की."

"कोण बसणार? तुझी ग्रामप्रिया? अगं, खुडूक झालेली कोंबडी अंडी द्यायची थांबते. एकवीस दिवस रवणावर, मग पिल्लं मोठी होईपर्यंत त्यांच्यामागे. अंड्यांच्या धंद्यात हा सगळा तोटा. म्हणून या शास्त्रज्ञ लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बसणाऱ्या बाजूला काढल्या आणि घालणाऱ्या ठेवल्या. जी भरपूर घालते ती बसत नाही, आणि जी मनापासून बसते तिची अंडी बोटावर मोजायची. दोन्ही गुण एकीतच मिळतील म्हणून थांबलीस तर खुराडं रिकामं राहील."

"बसायला असील सगळ्यात चांगली," काका म्हणाले.

"चांगली, पण स्वभाव? पिल्लांजवळ गेलीस तर तुझ्याच अंगावर येईल. शिवाय दोन असील कोंबडे एका अंगणात नांदत नाहीत, आणि पोरं त्यांच्या झुंजी लावायला बघतात. गुन्हा आहे तो, १९६०च्या कायद्यानं. आमच्या बडनगरला वाड्यामागे साध्या गावरान असायच्या. एक होती, मानेवर पिसंच नाहीत. आम्ही पोरं तिला चिडवायचो, पण वैशाखात बाकीच्या चोची उघड्या टाकून धापा टाकायच्या आणि ही बाई निवांत उकिरडा उकरत असायची."

"उघड्या मानेतून अंगातली उष्णता बाहेर जाते," काकांनी पान उलटलं. "संशोधन केंद्रांनी तो गुण मुद्दाम उचललाय, उष्ण प्रदेशासाठी."

उज्जैनचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. पारा त्रेचाळीसवर जातो. आमच्या खुराड्याचं तोंड यांनी पश्चिमेला केलंय, दुपारचं ऊन सरळ आत. काकांनी पहिल्या दिवशीच हे पाहिलं होतं म्हणे, पण बोलले नाहीत. आता म्हणतात, लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, पत्र्यावर गवत टाका आणि दुपारी पाणी मारा. सल्ला चांगलाच होता, पण सिमेंट वाळल्यावर आलेला.

"आणि पिल्लं आणशील तर रानीखेतची लस आधी विचार," काकू म्हणाल्या. "पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, लासोटा. मग दोन महिन्यांची झाली की टोचायची. एरवी सगळं गणित बरोबर असतं आणि एका आठवड्यात खुराडं साफ होतं. अण्णांच्या म्हणजे माझ्या चुलत्यांच्या घरी झालं होतं तसं. आणि पिल्लांत माद्या किती ते बघून घे. न निवडलेली घेतलीस तर निम्मे कोंबडे निघतात."

"एक कोंबडा तर लागेलच ना? अंडी यायला?"

काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला शाळा आठवली.

"अंड्याला कोंबडा लागत नाही. पिल्लाला लागतो. नुसत्या माद्या ठेवल्यास तरी अंडी येतात, फक्त त्यांतून कधी काही निघणार नाही. समोरच्या भाभींना हेच समजावून सांग. त्यांना वाटतं आपण रोज सकाळी एक जीव फोडतो. ऐकून खायला लागतील असं मी म्हणत नाही, पण निदान भिंतीवरून वाटी जाताना तोंड फिरवणार नाहीत. आणि मुख्य म्हणजे पहाटे चारला माझ्या उशाशी आरवायला नको. महाकालची भस्मारती चारला असते, ती देवळात. माझ्या खिडकीत नको."

कोंबडा बाद झाला. अशा गोष्टी आमच्याकडे भिंतीवरच ठरतात. घरात फक्त कळवायच्या.

मग श्रावणाचा विषय निघाला आणि तो मी अजिबात धरला नव्हता. काकूंचं म्हणणं, कोंबडीला श्रावण कळत नाही. बरं, उज्जैनमध्ये श्रावण एक नाही, दोन. समोरच्यांचा सावन पौर्णिमेनंतर लगेच सुरू होतो, आपला अमावास्येनंतर. महाकालची सोमवारची सवारी दोन्ही पंचांगं सांभाळत त्यांच्या भादव्यापर्यंत निघते. म्हणजे दीड महिना गल्लीत अंड्याला गिऱ्हाईक नाही, आणि कोंबड्या घालतायत.

"तेव्हा चार कोंबड्या पुरेत," त्या म्हणाल्या. "दहा आणल्यास तर सावनात अंडी पुरायला जागा शोधशील."

"टिकतात की. धुवायची नाहीत फक्त," काका म्हणाले. "कवचावर नैसर्गिक लेप असतो, धुतला की गेला. जुनं वाटलं तर पाण्यात सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं, तरंगलं तर टाकून द्या."

"यांना सगळं माहीत असतं. आयुष्यात एक कोंबडी पाळली नाही."

पेपर थोडा वर गेला.

माझ्या मनात खरं तर बदकं होती. मी ते हळूच काढलं. खाकी कॅम्पबेल नावाची जात वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देते, कोंबडीपेक्षा मोठी. इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशायरमध्ये कॅम्पबेल नावाच्या एका बाईनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घरच्या घरी संकर करून काढलेली. सैनिकांच्या गणवेशाचा रंग म्हणून खाकी. परसातल्या एका बाईनं केलं म्हटल्यावर मला तिच्याबद्दल जरा आपलेपणाच वाटला होता.

"त्यात इंडियन रनरचं रक्त आहे," काका म्हणाले. "ते बाटलीसारखं उभं चालणारं बदक. नाव इंडियन, पण मूळ जावा-बालीकडचं."

"कुठलं का असेना, पाणी कोण देणार?" काकूंनी विषय थेट नळावर आणला. "उन्हाळ्यात गंभीर डॅम आटायला लागला की नळ एक दिवसाआड. आपण बादल्या भरून ठेवतो आणि तू बदकांना टब भरणार? तळं लागत नाही, मान्य. पण चोच, नाक, डोळे बुडतील एवढं खोल पाणी लागतं, नाहीतर डोळे चिकटतात. आणि ते रोज घाण करणार, रोज बदलायचं. मग तो चिखल, मग तो वास, आणि वास माझ्याकडे, कारण वारा पश्चिमेचा."

"बदकांना बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड तर अजिबात चालत नाही," काका. "अफ्लाटॉक्सिन कोंबडी एक वेळ सोसते, बदक मरतं. पावसाळ्यात आपल्याकडे कोरडा दाणा कुठे राहतो?"

"आणि रवण?" काकूंनी माझ्यावर शेवटचा वार केला. "खाकी कॅम्पबेलही बसत नाही. तिची अंडी कोंबडीखाली ठेवावी लागतात. कोंबडीची सवय एकवीस दिवसांची, बदकाला लागतात अठ्ठावीस. आठवडाभर जास्त बसवून घ्यायचं म्हणजे तिची रोज मनधरणी."

"मस्कोव्ही बसते," काका.

"ती पस्तीस दिवस बसते, आणि ती फिस्कारते. नको."

बर्ड फ्लूचं मी काढलं ते बदकांची बाजू सावरायला, पण निघालं उलटंच. २००६मध्ये देशातली पहिली साथ नवापूरला आली, नंदुरबार जिल्ह्यात, तेव्हा लाखोंनी कोंबड्या मारल्या होत्या. २०२०च्या डिसेंबरअखेरीस तर इंदूरला कावळे मरून पडायला लागले, म्हणजे साथ आपल्या दाराशीच. काकांनी सांगितलं की बदकाच्या अंगात विषाणू असला तरी बदक पुष्कळदा धडधाकट दिसतं, आणि शेजारची कोंबडी मरते. उंडासा तलावावर थंडीत परदेशी बदकं उतरतात, तिकडून पाणी किंवा चिखल आणायचा नाही, असंही बजावलं. मी बदकांचा नाद सोडला. निदान यंदापुरता.

तर भिंतीवर ठरलं ते असं. तीन तलंगा नर्मदानिधीच्या किंवा मिळतील तशा ग्रामप्रियाच्या, लस टोचलेल्या. आणि एक गावरान, बसणारी, शक्यतो उघड्या मानेची. कोंबडा नाही. खुराड्याला पश्चिमेकडून गोणपाट.

"पण काकू, कोंबडा नाही म्हणजे गावरान बसणार कुठल्या अंड्यांवर?"

"ती माझी काळजी. माझी जाऊ बडनगरला आहे, तिच्याकडे कोंबडेच कोंबडे. खुडूक झाली की सांग, ती डझनभर अंडी भुशात ठेवून एसटीनं, म्हणजे त्या बडनगरच्या बसनं पाठवेल." इतकी वर्षं मध्य प्रदेशात काढूनही काकूंची बस एसटीच असते. "अंडी शिळी नकोत, आठवड्याच्या आतली."

"आणि त्यांतले निम्मे कोंबडे निघाले तर? तुम्हीच म्हणालात निम्मे निघतात. कोंबडा तर ठेवायचा नाही."

आत कुकरची शिट्टी झाली. काकूंनी कोपरं उचलली, पदर झटकला.

"त्याचं तू बघू नकोस. आरवायला लागला की भिंतीवरून दे इकडे. फक्त सोमवार, गुरुवार, शनिवार सोडून दे."

"तुमच्या कडकनाथाच्या नातीकडे मात्र नजर नको."

"छे गं," काका पेपर खाली ठेवत म्हणाले, "तिचं मांस काही तितकं काळं नसतं."