अद्वैताची ओजेटी

खान्देशात एखाद्याने केळी लावली की लोक भाव विचारतात आणि एखादीने तत्त्वज्ञान घेतलं की घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारतात. माझ्या भाचीने बी.ए.ला तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र असे दोन्ही विषय घेतले, तेव्हा दाजींना गावातल्या प्रत्येक ओट्यावर ही चौकशी सोसावी लागली. शेवटी त्यांनी एक उत्तर पाठ करून ठेवलं, "एमपीएससीचा अभ्यास करते." या वाक्यापुढे आमच्याकडे कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. फार तर सुस्कारा टाकतात, कारण बहुतेकांच्या घरात तोच अभ्यास करणारा कुणीतरी असतो.

राज्यशास्त्राची बाजू तशी भक्कम होती. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन एम.ए. झालेल्या प्रतिभाताई पाटील १९६२ साली जळगावातून आमदार झाल्या आणि २००७ साली राष्ट्रपती. म्हणजे विषयाला वाव आहे. फक्त वरची जागा पाच वर्षांतून एकदा निघते आणि तीही एकच, हे दाजींच्या लगेच लक्षात आलं. शेतकऱ्याला हिशेब शिकवावा लागत नाही. तत्त्वज्ञानाच्या बाजूने मात्र त्यांना सांगण्यासारखं एकही नाव सापडेना.

याचं मला नवल वाटलं, कारण अमळनेर त्यांच्या गावापासून एस.टी.ने अर्ध्या तासावर. कापडगिरणीचे मालक प्रतापशेठ यांनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कापसाच्या पैशावर अद्वैत, हा प्रयोग जगात दुसऱ्या कुठल्या तालुक्याच्या गावी झाला असेल असं वाटत नाही. देशभरातले पंडित तिथे येऊन राहायचे आणि विचार करायचे. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३३ ते १९३५ या काळात मंदिराचे संचालक होते. बंगालची ओल सोडून आलेल्या त्या तत्त्ववेत्त्याने वैशाखातलं अमळनेर कसं सोसलं असेल, कोण जाणे. जग मिथ्या आहे हे पटायला आमचा वैशाख पुरेसा आहे. शंकराचार्यांचं भाष्य नंतर वाचलं तरी चालतं. १९३३ सालीच मंदिरातल्या मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून 'अज्ञान' या एकाच विषयावर अख्खं इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि ते लंडनहून निघालं. अज्ञान आपल्याकडे मुबलक. पण त्यावर तीन विद्वानांनी एकत्र येऊन ग्रंथ लिहावा, हे दुर्मीळ.

त्याच गावात १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली. एका बाजूला ब्रह्म आणि दुसऱ्या बाजूला डालडाचा भाऊ. पुढे तुपाची कंपनी संगणकात शिरली, विप्रो झाली आणि वेळेवर शेअर घेतलेली अमळनेरकर मंडळी धनाढ्य झाली. ब्रह्म जिथल्या तिथे राहिलं. तो त्याचा स्वभावच आहे, त्याला कोण काय करणार! दाजींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तव्हा आपल्या आबांनी शेअर का नही घेतले?" तत्त्वज्ञानाची चर्चा आमच्या घरात साधारण इथेच संपते.

भाची एम.ए.ला गेली आणि नवाच पेच उभा राहिला. विलायतेतल्या कित्येक विद्यापीठांत तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलांना मधलं एक पूर्ण वर्ष कुठेतरी नोकरी करायची मुभा असते. कुणी खासदाराच्या कचेरीत जातं, कुणी एखाद्या सेवाभावी संस्थेत. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणाने त्याच कल्पनेला आपल्या मापाचं केलं. एम.ए.च्या पहिल्या वर्षात ४ श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे साधारण १२० तास. मुलं त्याला ओजेटी म्हणतात. वर्षाचे तास करण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

वाणिज्यवाली मुलं सी.ए.कडे जातात, रसायनवाली एमआयडीसीत. तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्रवालीने कुठे जावं? 'अनुभवी तत्त्वज्ञ पाहिजे' अशी पाटी जळगावच्या फुले मार्केटपासून धुळ्याच्या पाचकंदीलपर्यंत कुठे दिसत नाही. राज्यशास्त्राचं म्हणाल तर पक्षांच्या कार्यालयांत काम भरपूर असतं. पण तिथे आज आलेल्या मुलीने १२० तासांनंतर प्रमाणपत्र मागावं, तर तोवर सही करणारा दुसऱ्या पक्षात गेलेला असायचा. सरकारचीही एक योजना आहे, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. २०२४ साली ती सुरू झाली तेव्हा पदवीधराला ६ महिने दरमहा १०,००० रुपये मिळत. मुदत संपल्यावर 'आम्हाला कायम करा' म्हणत प्रशिक्षणार्थी आंदोलनाला बसले. राज्यशास्त्राचं याहून चोख प्रात्यक्षिक मला तरी सुचत नाही.

पूर्वी खान्देशात ही सोय इंग्रज सरकारच करत असे. साने गुरुजींचंच घ्या. आधी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. तिथे त्यांचा जीव रमला नाही. १९२४ साली जवळच्याच शाळेत मास्तर झाले, वसतिगृहाच्या मुलांसाठी हाताने दैनिक लिहू लागले. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले आणि सरकारने त्यांची रवानगी केली धुळ्याच्या तुरुंगात. पुन्हा १९३२ साली तिथेच असताना शेजारी विनोबा. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी गीतेचा एक अध्याय, असे १८ रविवार. श्रोत्यांत जमनालाल बजाज यांच्यासारखे कैदी. विनोबा बोलत गेले, गुरुजी भराभर लिहीत गेले, म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्या हातात आहे.

आजच्या नियमांनी पाहिलं तर हे प्रशिक्षण नापास ठरेल. रविवारी तासभर धरला तरी १८ तासच भरतात. बाकीचे १०२ तास तुरुंगातल्या इतर कामांत दाखवता येतील, पण त्यांना 'विषयाशी संबंधित' म्हणायला विभागप्रमुख तयार व्हायला हवेत. शिवाय उपस्थितीचा काही प्रश्न नव्हता हे खरं असलं, तरी हजेरीपत्रकावर जेलरची सही चालेल का? बरं, दोघांपैकी प्रशिक्षणार्थी कोण आणि मार्गदर्शक कोण, हा रकाना तर गुरुजींनी आणि विनोबांनी एकमेकांकडे सरकवून रिकामाच ठेवला असता.

आणि १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले. यावल तालुक्यातल्या ज्या पोरांनी तेव्हा पाणी वाहिलं, तट्ट्या बांधल्या, त्यांना किती श्रेयांक द्यायचे?

भाचीला अखेर पारोळा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत जागा मिळाली. "चार भिंती, एक संगणक, तोही झोपलेला," असं तिने पहिल्या संध्याकाळी फोनवर सांगितलं. आठवड्याने तिचा सूर बदलला. "मामा, इथे दिवसभर प्रमाणशास्त्रच चालतं," म्हणाली. मला वाटलं वजनमापं. तर नाही. ज्ञान खरं कशावरून मानायचं, याचं शास्त्र. न्यायवाले चार प्रमाणं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. अद्वैतवाले त्यात आणखी दोन घालतात. ग्रामपंचायत यातलं फक्त शब्द मानते आणि तोही शिक्क्यासह.

उदाहरण म्हणून तिने एका आबांची गोष्ट सांगितली. निराधार योजनेचे पैसे चालू राहावेत म्हणून ते हयातीचा दाखला मागायला आले होते. दाखल्यासाठी कागद हवा होता आणि कागदावरचं नाव आधार कार्डावरच्या नावाशी जुळत नव्हतं. एकात 'नथ्थू', दुसऱ्यात 'नथु'. आबा कळवळून म्हणाले, "मी जित्ता शे ना माय, तुन्हा समोर बठेल शे!" प्रत्यक्षाहून मोठं प्रमाण नाही असं चार्वाकही सांगून गेला, पण चार्वाकाला पोर्टलवर काही अपलोड करायचं नव्हतं. देकार्तला आपण आहोत हे पटायला नुसता विचार पुरला. आबांना दोन पासपोर्ट फोटो, शिधापत्रिकेची झेरॉक्स आणि ओळखीचे दोन पंच लागले. देकार्त पारोळा तालुक्यात असता तर त्यालाही लागले असते.

अद्वैतवाल्यांचं सहावं प्रमाण अनुपलब्धी. एखादी वस्तू नाही, हे ती दिसत नाही यावरूनच कळतं. याचा उपयोग काय, असा प्रश्न भाचीला बी.ए.ला पडला होता. इथे तिने ते प्रमाण रोज वापरलं. ग्रामसेवक भाऊसाहेब आज आले आहेत की नाहीत, हे ठरवायला दुसरं साधन नव्हतं. त्यांच्याकडे तीन गावं, त्यांचाही दोष नाही.

एका गोष्टीवर मात्र तिला विनोद सुचला नाही आणि मलाही सुचत नाही. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी बायका यायच्या. बाईची ओळख पटवायला नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या मोबाइलवर ओटीपी जायचा. नवरा सुरतेला कारखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात त्याला फोन ऐकू जात नाही. ओटीपी थोड्याच वेळात शिळा होतो. एक बाई म्हणे सकाळपासून दुपारपर्यंत बसून होती, मांडीवर पोर घेऊन. नागरिक कोण आणि कुणाच्या मार्फत, यावर ॲरिस्टॉटलपासूनचे धडे भाचीच्या वहीत होते. तिने वही बंद केली आणि सुरतेच्या त्या कारखान्याच्या मुकादमाचा नंबर शोधून काढला. ओटीपी आला.

आमच्या विद्यापीठाला नाव आहे बहिणाबाईंचं. त्यांनी सगळं ज्ञान कामावर असतानाच मिळवलं. त्यांच्या तासांचा हिशेब कुणी ठेवला नाही, हे विद्यापीठाचं नशीब.

तास भरले, डायरीवर सह्या झाल्या, अहवालही लिहून झाला. अहवालाच्या नमुन्यात शेवटचा प्रश्न होता: 'आपल्या कार्यामुळे संस्थेस झालेला लाभ'. बरोबरच्या मुलींनी तिथे पारदर्शकता, डिजिटल साक्षरता, लोकसहभाग असे भारदस्त शब्द घातले होते. भाचीने एकच ओळ लिहिली, "एकूण अकरा जण जिवंत असल्याचं सिद्ध झालं." तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "आमच्या वडिलांचं पेन्शन चार महिने अडकलंय. जरा सांग बरं, कुठले कागद लागतात?"