नानांचा नॅपकिन

तुमच्याही ओळखीत एक नाना असणारच. कुणाचे नाना दिसेल त्या नळाखाली टीडीएसची कांडी धरतात, कुणाचे नाना चपलांची झीज पाहून गुडघ्यांचं भविष्य सांगतात. आमचे नाना डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतात आणि तेल पाहतात. खायचं नव्हे, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं.

परवा शनिवारी सकाळी सातला फोन. "नवी गाडी घेतलीस म्हणे. ट्रान्समिशनची डिपस्टिक पाहिलीस?"

म्हटलं, "नाना, हिला डिपस्टिकच नाही. आतलं ऑइल लाइफटाइम चालतं म्हणाले."

पलीकडे इतका वेळ शांतता, की मला वाटलं फोन कट झाला. मग आवाज आला, "कुणाचं लाइफटाइम? गाडीचं, की वॉरंटीचं?"

झालं. बायकोने हौसेने पेढे आणले होते. मी एक तोंडात टाकला आणि गाडीच्या पोटात काय शिजत असेल याचा विचार करत बसलो.

गंमत म्हणजे नानांची सगळी नोकरी, एकतीस वर्षं, मोटार कंपनीतच झाली, पण वायपरच्या विभागात. गिअरबॉक्सवाल्यांच्या इमारतीत ते जात ते आपलं कॅन्टीन बंद असलं तरच. निवृत्त झाले आणि 2004 सालचं चौतीस फुटी मोटरहोम सेकंडहँड घेऊन आले. खाली वर्कहॉर्सची चासी, 8.1 लिटरचं पेट्रोल इंजिन आणि त्याला जोडलेला इंडियानापोलिसच्या अ‍ॅलिसन कंपनीचा 1000 मालिकेतला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. लोक असली गाडी यलोस्टोन बघायला घेतात. नानांनी ती तेल बदलायला घेतली, असं काकूंचं मत आहे.

आता नॅपकिन. गाडी थांबली की नाना डिपस्टिक ओढतात, तिच्या टोकाचा एक थेंब पांढऱ्या कागदी नॅपकिनवर सोडतात आणि तो पसरेपर्यंत पापणी हलवत नाहीत. लाल आणि सारखा पसरला तर बरं. मधे काळसर डोळा, कडेला तपकिरी कडं, म्हणजे तेल शिजलं. मग हुंगणं. मग कोपऱ्यात बॉलपेनने तारीख, गाव, मायलेज. थेंब वाळला की नॅपकिन प्लास्टिकच्या पाकिटात आणि पाकीट फाइलमध्ये. नाताळात काकूंनी हिरवी पानं छापलेले नॅपकिन आणले, तर नाना दोन दिवस बोलले नाहीत. "बॅकग्राउंड न्यूट्रल हवं," एवढंच म्हणाले.

घरी पाहुणे आले की लोक अलास्काचे फोटो दाखवतात. नाना फाइल काढतात. "हा बघ, आयझेनहॉवर टनेल, कोलोरॅडो. अकरा हजार फूट." आपण बघतो तर लाल ठिपका. डोंगर नाही, बर्फ नाही, काकू नाहीत. आणि नानांचा चेहरा असा, की आपण "वा!" म्हणतो.

2019 साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन डॅलसला होतं. शहाणी माणसं विमानाने गेली. मी नानांबरोबर गेलो. जुलैतलं टेक्सस. पोचलो तेव्हा आत उद्घाटनाची तुतारी वाजत होती आणि आम्ही बाहेर पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून उभे. कारण लेव्हल बघायची ती तेल तापलेलं असताना, गाडी सपाट जागेवर आणि इंजिन चालू. हे खरंच असं आहे, अ‍ॅलिसनच्या पुस्तकात छापलेलं आहे. नानांचं दुखणं हेच, की ते कधी चुकीचं बोलत नाहीत. सिक्युरिटीवाला आला, काय करताय म्हणाला. नानांनी त्याला नॅपकिन दाखवला. तो बिचारा दोन पावलं मागे सरकला; त्याला ते रक्त वाटलं.

तिथल्याच एका जेवणात त्यांनी तांबड्या रश्श्याचा कट चमच्याने नॅपकिनवर सोडला. शेजारचे डॉक्टर बघतच राहिले. नानांनी कडेचं वर्तुळ न्याहाळलं, वास घेतला आणि जाहीर केलं, "ओव्हरहीट झालंय. मसाला जळलाय." त्या रात्री टेबलावरच्या निम्म्या लोकांचं पोट बिघडलं. तेव्हापासून आमच्याकडे मुंजीला वाढपी आमटीचं पातेलं नानांच्या पानापासून लांब ठेवतात.

मिनरल सोडून सिंथेटिकवर यायचं हा नानांच्या आयुष्यातला धर्मांतराएवढा मोठा निर्णय. गाडी आली तेव्हा तिच्यात डेक्स्रॉन-थ्री होतं. जनरल मोटर्सने 2006 च्या अखेरीस त्या तेलाचे परवानेच बंद केले होते. नाना हे अशा स्वरात सांगत, जणू घरात मुदत संपलेलं औषध सापडलंय. अ‍ॅलिसनचं स्वतःचं सिंथेटिकचं मानक होतं, टेस-295. ते मिळवायचं. पण का? "मिनरल म्हणजे भेळ. लहान-मोठे, कसलेही रेणू. चढावर तापलं की त्यातलं नाजूक आधी मरतं. सिंथेटिक म्हणजे साबुदाणा. सगळे दाणे सारखे." हे त्यांनी सत्यनारायणाच्या पूजेला, गुरुजींना सांगितलं. त्याच बैठकीत असंही सांगितलं, की सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतल्या ऑटोमॅटिक गाड्यांच्या तेलात स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. पुढे व्हेलला कायद्याने संरक्षण मिळालं तेव्हा थांबलं. "म्हणजे गुरुजी, तोवर गिअरबॉक्स मांसाहारी होता." गुरुजींनी तीर्थाची पळी तशीच हातात धरून ठेवली.

तेल बदलायला मदतनीस म्हणून मी. ड्राइव्हवेवर पुठ्ठा अंथरून आम्ही दोघं गाडीखाली. बोल्ट सुटला आणि कोमट लाल तेल माझ्या बाहीतून थेट काखेत. त्या गिअरबॉक्सचा फिल्टर बाहेरून फिरवून काढता येतो, आणि त्याच्या तोंडाशी बांगडीएवढं लोहचुंबक असतं. ते जुन्या फिल्टरवरून उतरवून नव्यावर चढवायचं. मी जुना फिल्टर चुंबकासकट पिशवीत बांधून कचऱ्यात टाकला. रात्री साडेअकराला बेल वाजली. दारात नाना, डोक्याला बॅटरी बांधलेली. "चुंबक?" दुसऱ्या दिवशी कचरागाडी यायची होती. नोव्हेंबरच्या थंडीत आम्ही दोघांनी माझा कचरा उपसला. सापडलं. त्यावर राखाडी लोण्यासारखा मऊ थर होता, लोखंडाचा झिजलेला कीस. बोटांत चोळला तरी खरखर लागत नव्हती. नानांनी तो नॅपकिनवर पुसला, बॅटरीच्या उजेडात वळवून वळवून पाहिला आणि पुटपुटले, "तुकडे नाहीत. नुसती भुकटी. नॉर्मल म्हातारपण."

एवढ्यावर भागलं असं वाटलं तर आपण नानांना ओळखलं नाही. खालचा बोल्ट काढला की सगळं तेल येतच नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत अडकून राहतं. नानांच्या हिशेबाने एका खेपेला निघतं साठ टक्के. म्हणजे जुनं उरलं चाळीस. थोडी गाडी फिरवा, पुन्हा काढा, पुन्हा भरा: उरलं सोळा. तिसऱ्यांदा: सहा पॉइंट चार. नाना कागदावर आकडे मांडत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. शून्य येईना. काकू भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "तुम्हाला इथे येऊन पंचेचाळीस वर्षं झाली. नारायण पेठ किती उरलीये, तो काढा हिशेब." नानांनी पेन्सिल ठेवली. चौथी खेप रद्द झाली.

कन्व्हर्टर म्हणजे काय, हेही मी काकूंकडूनच शिकलो. दोन पंखे समोरासमोर, एक इंजिनाचा, एक गिअरबॉक्सचा. एकमेकांना न शिवता एक दुसऱ्याला फिरवतो, मधल्या तेलाच्या जोरावर. "आमच्यासारखंच," काकू म्हणाल्या. कोण कुणाला फिरवतं ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

हे लिहून नानांची टवाळी पुरी करावी असं मनात होतं. पण 2015 चा जानेवारी आडवा येतो. पहाटे चार, उणे सतरा, बायकोला कळा सुरू झालेल्या आणि माझ्या गाडीची बॅटरी ठार. समोर नानांच्या घरात दिवा लागला. पाच मिनिटांत ते चौतीस फुटी धूड बर्फ तुडवत माझ्या दारात. पाइपांत हिवाळ्याचं गुलाबी अँटिफ्रीझ भरलेलं, पडद्यांना उन्हाळ्याचा वास. मागच्या पलंगावर बायको, तिचा हात धरून काकू, आणि पुढे नाना प्रत्येक गिअर बदलताना मान डोलावत, "बघ, कसं लोण्यासारखं! मिनरल असतं तर हललं नसतं!" हॉस्पिटलच्या इमर्जन्सीचं छत नऊ फुटी, आमची गाडी बारा फुटी. म्हणून शेवटची पन्नास पावलं आम्ही बायकोला चालवत नेलं.

पुढे मी वाचलं, उणे सतराला मिनरलवरही ती गाडी सहज निघाली असती. नानांना अजून सांगितलेलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात मोटरहोम विकलं. नानांना आता गाडीखाली शिरता येतं, निघता येत नाही. घेणारा तरुण मुलगा होता. वायफाय बसवता येईल का, शॉवरला गरम पाणी किती वेळ येतं, एवढं त्याने विचारलं. नानांनी फाइल पुढे केली. त्याने चार पानं उलटली, हसला आणि अगदी सभ्यपणे परत दिली. मी ती घेऊन चाळत बसलो. मधेच एक नॅपकिन होता. 11 जानेवारी 2015, हॉस्पिटल पार्किंग, 41,212 मैल, उणे 17. थेंब लख्ख लाल. आणि खाली, जिथे नाना कधी काही लिहीत नाहीत तिथे, दोन शब्द: "मुलगी. उत्तम."

गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. ती उभी असायची तिथे सिमेंटवर एक ओला ठिपका होता. "एसीचं पाणी," नाना घाईने म्हणाले. बारा वर्षं ते सांगत आले होते, की आपली गाडी गळत नाही. मग गुडघ्यावर हात देत खाली वाकले, खिशातून नॅपकिन काढला, टेकवला, उजेडात धरला.

लाल.

बॉलपेन काढून तारीख लिहिली. गाव लिहिलं. मग पेन तसंच धरून ते रस्त्याकडे बघत राहिले.

"मायलेज बघायचं राहिलं रे," म्हणाले.