काय होतंय त्याला?

कुत्र्याला द्राक्ष देऊ नये, बेदाणा तर मुळीच देऊ नये. कोल्हापुरात हा नियम मोडायची सोय घरोघर आहे. बेदाण्याचे तासगाव काही लांब नाही, आणि बेदाण्याशिवाय सत्यनारायणाचा शिरा उरकत नाही. उंबऱ्याशी शेपूट आपटत बसलेल्या मोतीपुढे कुणीतरी प्रसादाचा द्रोण सरकवते. सुनेने हरकत घेतलीच, तर घरातल्या थोरल्यांचे उत्तर तयार असते : "खाऊ दे की! काय होतंय त्याला?" वाक्य प्रश्नासारखे दिसत असले तरी त्याला उत्तर द्यायचे नसते.

उत्तर मात्र आहे. आधी काही तासांत उलट्या होतात, कुत्रे मलूल पडते, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती दाण्यांनी बाधते याला माप नाही. एखादे कुत्रे मूठभर पचवून पुन्हा मागायला येते, दुसरे थोडक्यात आडवे होते. पहिल्याच्या भरवशावर दुसऱ्याला खाऊ घालण्याची चूक सुशिक्षित घरांतही होते. द्राक्षे कुत्र्याला का बाधतात ते बरीच वर्षे उमगत नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो, म्हणजे पाणी उडते आणि आम्ल मागे राहते. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते. तेव्हा आमटीचे भांडे चाटायला देण्याची पद्धतही मोडलेली बरी.

आंब्याचा गर थोडा चालतो. घात होतो तो कोयीने. माणूस चोखून अंगणात टाकतो, आणि माणसाने इतके मन लावून चोखलेली वस्तू मौल्यवान असणार, एवढा तर्क कुत्र्याला जमतो. गिळलेली कोय आतड्यात अडकली की पोट फाडूनच काढावी लागते. सीताफळाच्या बिया विषारी असतात. माणूस त्या थुंकतो, कुत्र्याला ती कला अवगत नाही. चिकू, सफरचंद आणि कलिंगड बिया काढून द्यावे, केळे सालीशिवाय. तेही हौसेपुरते, सगळा वरखाऊ मिळून दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्यापुढे जाऊ नये.

खरे तर कोल्हापूरच्या कुत्र्याची नजर फळांवर नसतेच. ती रविवारी पांढऱ्या रश्श्याच्या वाटीवर असते. तिथेही पंचाईत आहे. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि कांदा-लसणाशिवाय रस्सा करायला कोल्हापूर राजी होणार नाही.

द्राक्षे किंवा बेदाणे पोटात गेलेच, तर उलटीची वाट पाहू नये, मिठाचे पाणी पाजू नये. लगेच पशुवैद्याला फोन करावा. तो दोनच गोष्टी आधी विचारतो : कधी खाल्ले आणि किती? तेवढ्यापुरते तरी द्रोणात बेदाणे किती होते, हे सरकवणाऱ्याने खरे सांगावे.