नाका, टॉवर आणि सीएनसी

ठाण्यात कारखाना बंद पडला तरी मरत नाही, त्याचा नाका होतो. कॅसल मिलचा भोंगा कधी थांबला हे सांगणारं आता कुणी भेटत नाही, पण ‘कॅसल मिल, कॅसल मिल’ ओरडत रिक्षा भरतातच. गोल्डन डाइजचा रंग कुणाच्या धोतरावर उरला नसेल, माजिवड्याच्या ट्रॅफिकवर मात्र पक्का बसलाय. नितीन कंपनीला रोज उतरणाऱ्यांना ती कंपनी काय बनवायची ते विचारून बघा.

दुसरा मार्ग रेमंडचा. 1925 साली ठाण्यात लोकरीची गिरणी निघाली, कांबळी विणली, पुढे सुटातला ‘कम्प्लीट मॅन’ घडवला, आणि 2019 पासून पोखरण रोडच्या त्याच जमिनीवर घरं विकायला काढली. आधी गिऱ्हाइकाच्या छातीचं माप, मग कार्पेट एरियाचं. धंद्यात बदलावं तर असं!

आम्हाला दोन्ही वाटा बंद. वागळे इस्टेटमध्ये माझा पितळी बुश बनवायचा गाळा आहे. 1962 साली एमआयडीसी झाली, तिची ही पहिली वसाहत. तिच्या वैभवात आमचा वाटा एक लेथ जेमतेम वळेल एवढा. टॉवर बांधायला जागा भाडेपट्ट्याची, आणि नाका व्हावं तर गल्लीत रिक्षाच शिरत नाही. समोरच्या शेडच्या जागी काचेची इमारत आलीय. तिथली पोरं रात्रभर अमेरिकेची समजूत काढतात आणि सकाळी आमच्या टपरीवर कटिंग पितात.

तेव्हा उरलं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन. ते यायच्या आधी आमच्या एमबीए चिरंजीवांनी ‘बदलाची मानसिक तयारी’ करायची ठरवली. डबे खाऊन झाल्यावर, म्हणजे माणूस कशालाही हो म्हणतो त्या वेळी, प्रोजेक्टर लावला. “बदल म्हटलं की तुम्हाला भीती वाटते का?”

आमचे फोरमन लग्नाआधीपासून डोंबिवलीहून येतात. ते म्हणाले, “दादा, आम्ही फास्टसाठी फलाटावर उभे असतो. गाडी दिसायला लागली की सांगतात, दुसऱ्या फलाटावर येतेय. अख्खी डोंबिवली जिना चढते, उतरते, वर चौथी सीटही मिळवते. भीती कसली? फक्त अनाउन्समेंट नीट ऐकू आली पाहिजे.”

चिरंजीवांनी हे इंग्रजीत करून पुढच्या स्लाइडवर टाकलं. मालकानं वेळेवर आणि स्वच्छ बोलावं, एवढंच त्या महागड्या कोर्सात असावं असा मला संशय आहे. पण फी मी भरलीय, म्हणून गप्प बसतो.

मशीन आलं. फोरमननी ते माझ्या आधी आत्मसात केलं. मी अजून पडद्यासमोर उभा राहून जाणत्यासारखी मान हलवतो. सगळं सुरळीत होतं, तोवर दसरा आला. पूजा झाली, झेंडूचा हार चढला, नारळ फुटला आणि मशीन उभंच. हाराचं टोक दारात अडकलेलं; दार पुरतं लागेना, आणि दार लागल्याशिवाय सीएनसी हलत नाही. जुन्या लेथनं इतकी वर्षं हळद, कुंकू, लिंबू अंगावर घेऊन निमूट बुश काढले होते.

चिरंजीव मॅन्युअल उघडून बसले. फोरमननी झेंडूची पाकळी हलकेच ओढून काढली आणि मशीनच्या पाठीवर थाप मारली.

“नवीन आहे, साहेब. होईल हिला आपली सवय.”