गाडीची शाकारणी

दुबईहून आलेल्या माणसाला सगळे आधी बुर्ज खलिफाचं विचारतात, म्हणून ते उरकून टाकतो. इमारत ८२८ मीटर उंच आहे. आम्ही गेलो त्या संध्याकाळी आभाळ भरलेलं होतं आणि शेंडा ढगात होता, त्यामुळे माझ्या वाट्याला अंदाजे सहाशे मीटर आले. सोन्याचा बाजार बायकोने बघितला, मी बाहेर पिशव्या सांभाळल्या. स्थळदर्शन संपलं.

मुक्काम मेव्हण्याकडे होता, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात. तिथले लोक डीआयपी म्हणतात. जबल अलीच्या अंगाला, शेख मोहम्मद बिन झायेद रस्त्याला लागून हा भाग आहे. १९९७ पासून वसवलेला, २,३०० हेक्टरचा. एका टोकाला झाडीतल्या टुमदार बंगल्या, मधे गोदामं आणि कारखाने, पलीकडे कामगारांच्या चाळवजा इमारती. पहिल्या सकाळी मी फिरायचे बूट घालून हवा खायला बाहेर पडलो आणि प्लॅस्टिकचे पाइप, बिस्किटं, ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि फोर्कलिफ्ट असं सगळं बघून परत आलो. नाकाला मात्र भाजल्या बिस्किटांचा खमंग वास लागला होता.

मेव्हणा इथल्याच एका कारखान्यात क्वालिटी बघतो. आणि त्याच्याकडे ती आहे. लाल रंगाची, दोन माणसांची, कापडी छपराची जपानी स्पोर्ट्स कार. कंपनीचं नाव छापायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली आहे, कारण पुढे जे झालं त्यात तिचा काडीचा दोष नाही असं त्याचं ठाम म्हणणं आहे. जमिनीपासून तिच्या पोटापर्यंत एक वीतही अंतर नाही. माझं पोट आणि तिचा डॅशबोर्ड यांत त्याहून कमी. तिच्यात बसताना आधी पार्श्वभाग टाकायचा, मग एकेक पाय आत घ्यायचा, मग देवाचं नाव घ्यायचं. उतरताना मात्र उलटा क्रम चालत नाही. उतरताना मला काढावं लागतं.

ही गाडी वर्षभर बेसमेंटमध्ये चंदेरी कव्हरखाली असते. शुक्रवारी पहाटे तिला फिरवून आणतात, पुसतात, पुन्हा झाकतात. पावसात नेत नाहीत. पावसात न्यायची की नाही हा त्या घरातला जुना वाद आहे. "पावसात न्यायची नव्हती तर घेतली कशाला?" असं त्याची बायको विचारते आणि "पावसात न्यायची असती तर हीच कशाला घेतली असती?" असं तो विचारतो. दोघांचं बरोबर असल्यामुळे वाद मिटत नाही.

त्याच्या भीतीला इतिहास आहे. १६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत जो पाऊस पडला, तो १९४९ मध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत मोठा होता. अल ऐनच्या बाजूला चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर. दुबईत एरवी अख्ख्या वर्षात सरासरी शंभरही पडत नाही. विमानतळाच्या धावपट्ट्यांवर तळं झालं, लोक मोठ्या रस्त्यांवर गाड्या सोडून चालत निघाले. मेव्हण्याची आधीची चार दारांची घरगुती गाडी बेसमेंटमध्ये स्टिअरिंगपर्यंत बुडाली. पोलिसांच्या ॲपवरून नुकसानीचा दाखला मिळाला, विम्याचे पैसे आले आणि दुःखाच्या भरात त्यात स्वतःची भर घालून त्याने ही लाल गाडी घेतली. तेव्हा सगळं जग म्हणत होतं की हे ढगांवर मीठ फवारल्यामुळे झालं. तिथल्या राष्ट्रीय हवामान केंद्राने सांगितलं की त्या वादळात फवारणीसाठी एकही विमान उडालं नव्हतं. मी चिपळूणचा आहे. पूर आला की कुणीतरी पाणी सोडलं असणार, ही शंका आम्हाला नवी नाही.

चिपळूणचा असल्यामुळे त्या घरात मला पावसातला तज्ज्ञ समजतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अंगावर घेतलेला माणूस, त्याला काही कळत असणारच, असा त्यांचा समज. मी तो खोडून काढत नाही. घरी मला विचारून कोणी छत्रीसुद्धा घेत नाही, त्यामुळे असा मान मिळाला की मी घेतो.

तर हवामान केंद्राचा नारिंगी इशारा आला. मोबाइल एकदम आगगाडीसारखा कोकलला. मेव्हण्याचा चेहरा पडला.

"भावोजी, काय करायचं? खाली ठेवली तर बुडेल. बाहेर काढली तर भिजेल."

मी खिडकीतून आभाळाकडे बघितलं, नाक वर करून वास घेतला, बिस्किटांचाच आला, आणि म्हणालो, "उंचावर ने."

सपाट वाळवंटात उंचावर कुठे? बंगल्यांपलीकडे सगळी जमीन परातीसारखी. शेवटी त्याच्या कारखान्याचा लोडिंग बे सुचला. ट्रकच्या हौद्याशी समपातळीत माल चढवायला केलेला चार फुटी ओटा, त्याच्या बाजूला फोर्कलिफ्टसाठी उतार. तिथे गाडी चढवली की पूर आला काय आणि गेला काय. "भावोजी, तुम्ही चला बरोबर. तुम्हाला पाण्याचा अंदाज आहे." बायको म्हणाली, "अहो, पण तुम्हाला तिकडे बाहेर कोण काढणार?" तिचा प्रश्न कुणीच मनावर घेतला नाही.

सवयीने मी डावीकडचं दार उघडून स्टिअरिंगवर पोट आपटून घेतलं, मग वळसा घालून उजवीकडून आत पडलो आणि आम्ही निघालो. बेसमेंटच्या रॅम्पवरून वर येतो न येतो तोच टपोरे थेंब सुरू झाले.

पहिला धक्का वायपरचा. वर्षभर कव्हरखाली उकाड्यात आणि धुळीत वाळलेलं ते रबर, त्याला पाण्याची ओळखच नव्हती. एक फटका मारला तर काचेवर आमसुलाच्या सारासारखी राड पसरली आणि दुसऱ्या फटक्याला रबराची एक पट्टी सुटून शेपटीसारखी हलायला लागली. दुसरा धक्का रस्त्याचा. महिनोन् महिने कोरड्या रस्त्यावर तेल, धूळ आणि टायरचं रबर साचतं, पहिल्या सरीत ते सगळं वर येतं. मेव्हण्याने गोल चौकात जरासा ॲक्सिलरेटर दिला आणि गाडीचा मागचा भाग आमच्या पुढे जायला निघाला. अशा गाड्यांचे टायर रुंद असतात. कोरड्या रस्त्यावर ते घट्ट पकडतात, पण पाण्याच्या थरावर रुंद टायरच आधी तरंगतो. हे ज्ञान मेव्हणा मला गाडी आडवी झालेली असताना देत होता.

आजूबाजूच्या सगळ्या गाड्या चारही इंडिकेटर लावून चालल्या होत्या. चालत्या गाडीला ते लावले तर तिथे पाचशे दिरहॅम दंड आणि चार ब्लॅक पॉइंट. तरी पाऊस पडला की सगळी दुबई पंढरीच्या दिंडीसारखी लुकलुकत निघते. पावसाबद्दल तिथले कायदे कडक आहेत. २०२३ पासून पावसात दऱ्या, धरणं आणि पूर आलेल्या भागांजवळ गर्दी केली तर एक हजार दिरहॅम आणि सहा पॉइंट. पूर आलेल्या दरीत गाडी घातली तर दोन हजार, तेवीस पॉइंट आणि गाडी साठ दिवस जप्त. परवाना जायला चोवीस पॉइंट लागतात, म्हणजे एक माणुसकीखातर सोडलाय. हा कायदा आपल्याकडे भुशी धरणावर लावला तर एका रविवारच्या वसुलीत घाटातले सगळे खड्डे बुजतील.

तेवढ्यात माझ्या उजव्या मांडीवर गार थेंब पडला. मग दुसरा. उकाड्याने काचेलगतचं रबर आक्रसलं होतं. मी रुमाल लावला. मग पाठीमागे काहीतरी डुचमळल्याचा आवाज आला. ब्रेक लागला तसा तो आवाज पुढे आला आणि मला सीटखालून ओलं झालं. सगळीकडून.

"तुझ्या छपराचं पाणी जातं कुठे?" मी विचारलं.

"मागे दोन भोकं आहेत. तिथून नळीने खाली."

"ती कधी साफ केलीस?"

तो गप्प. वर्षभराची रेती त्या भोकांत बसून दगड झाली होती. छपरावरचं पाणी पन्हळीतून जायला वाट नाही म्हणून घरात उतरत होतं. ही गोष्ट मला कळली! स्पोर्ट्स कारमधलं मला काही कळत नाही, पण तुंबलेली पन्हळ मी दहा कोसांवरून ओळखतो. आमच्याकडे मे महिन्यात कौलं काढून, फुटकी बदलून, पन्हळीतला पालापाचोळा उपसून शाकारणी करतात, त्याशिवाय कोणी मिरगाला सामोरं जात नाही. लाखो रुपयांच्या गाडीला शाकारणी नाही. कव्हर आहे!

कारखाना दिसायला लागला तिथेच रस्त्याला खोलगा होता आणि त्यात पाणी. पाण्यात एक टँकर उभा, नळी टाकून पाणी ओढत होता. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर पाणी आणून टाकतो, इथे पावसाळ्यात टँकर पाणी उचलून नेतो. टँकर बघून मला एवढं घरच्यासारखं वाटलं की मी पाण्याचा अंदाज द्यायचा विसरलो. समोरून कामगारांची बस आली. तिच्या चाकांनी उठवलेली लाट आमच्या बॉनेटवरून काचेवर आली, मेव्हण्याचा पाय थरथरला, क्लच सुटला आणि गाडी बंद.

त्याचा हात बटणाकडे गेला. "सेल्फ मारू नकोस!" मी ओरडलो.

हे एवढं एकच मला गाड्यांतलं माहीत आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि ओसरल्यावर गॅरेजवाले गल्लीगल्लीतून हेच ओरडत होते. इंजिन हवा ओढतं आणि दाबतं. हवेच्या जागी पाणी गेलं तर ते दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडून उभी राहिलेली गाडी बऱ्याचदा वाचते. चिखलात उभ्या गाडीला ज्यांनी घाईने सेल्फ मारला, त्यांचं इंजिन गेलं.

मेव्हण्याने हात काढून घेतला आणि एकदम म्हणाला, "भावोजी, मागची गाडी बुडाली ना, तेव्हा मी तीनदा सेल्फ मारला होता." पाणी आता दाराच्या कडेशी आलं होतं. त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, दोन मुलांचा बाप, आणि चेहरा पतंग तुटलेल्या पोराचा. मला त्याची थट्टा करायची होती, पण जमेना. पाठीवर हात ठेवावा म्हटलं, तर तेवढं वळायला जागा नव्हती.

ती बस थांबली आणि तिच्यातून निळ्या कपड्यांतली सात-आठ पोरं चपला हातात घेऊन हसत खाली उतरली. पावसामुळे त्यांची पाळी लवकर सुटली होती. "साब, अंदर बैठो, हम धक्का देते हैं." आत बसणं मला भागच होतं, उतरता कुठे येत होतं? त्यांतला एक माझ्या खिडकीशी होता. आमचं मराठी ऐकून त्याने विचारलं, "कुठले तुम्ही?"

"चिपळूण."

"मी खेडचा. त्या पुराला माझी बहीण तुमच्या बाजारात व्हती, पहिल्या मजल्यावर. फोन सगले बंद. दोन दिवस इथं गोदामात काम करत व्हतो, पण खोके कुठले नि काय, काय दिसत नव्हतं." एवढं सांगून तो पुन्हा खांदा लावून ढकलायला लागला. खेड, दापोली, मंडणगडातली घरं कैक वर्षं आखातावर चालतात. यांचा पाऊस दोन वर्षांतून एकदा, तोही रजा जुळली तर. पाण्यातून गाडी बाहेर आल्यावर त्याने तोंड वर केलं आणि पाऊस तोंडावर घेतला. सुपरवायझरने हॉर्न मारेपर्यंत तो तसाच उभा होता. मेव्हण्याने पाकीट काढलं तर सगळे हात हलवत बसमध्ये चढले.

पुढचं थोडक्यात. त्यांनीच उतारावरून गाडी ओट्यावर चढवली होती. पॅलेटच्या दोन थप्प्यांमध्ये ती लाल गाडी रात्रभर होती आणि मीही अर्धा तास तिच्यातच होतो, कारण मला काढायला नेपाळी वॉचमन, मेव्हणा आणि फोर्कलिफ्टवाला असे तिघे लागले. फोर्कलिफ्टवाल्याने फोर्कलिफ्ट आणू का असं विचारलं ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी केरळी मेकॅनिक आला. त्याने आधी एअर फिल्टर काढला. कडेला ओला, आत कोरडा. मग स्पार्क प्लग काढून बघितले, पाणी नव्हतं. मग सेल्फ मारला आणि ती पहिल्या झटक्याला सुरू झाली. पन्हळीची भोकं त्याने गवत कापायच्या मशिनची नायलॉन दोरी घालून मोकळी केली. कडक तार घालू नये, खालची नळी फाटते. बाहेर आलेली रेती त्याने तळहातावर धरून मेव्हण्याला दाखवली, मूठभर असेल. मी मान डोलावत उभा राहिलो, जणू माझाच विद्यार्थी बोलत होता.

त्या घरातल्या वादावर माझा निकाल विचारला गेला, तो असा. गाडी पावसात न्यावीच. रिमझिम असेल तेव्हा मुद्दाम न्यावी, म्हणजे कुठे गळतं, वायपरमध्ये जीव आहे का, टायर किती घसरतात, हे घराजवळ कळतं. कव्हरखाली ठेवून रबर वाळवलेली गाडी नेमकी संकटाच्या दिवशी दगा देते. पण साचलेल्या पाण्यात तिला घालू नये. वरून पडणारं पाणी गाडीला मारत नाही, खालून चढणारं मारतं, आणि विमा कंपनीही गाडी मुद्दाम पाण्यात घातली असं दिसलं तर हात वर करते. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर बुडालेल्या गाडीचे पैसे कुणीच देत नाही.

तेव्हा दुबईत असा की दादरला, छपराची भोकं पावसाआधी साफ करून घ्या, वायपरचं रबर वर्षाला बदला. आणि पाण्यात गाडी बंद पडलीच, तर शेजारचा तज्ज्ञ काहीही सांगो, सेल्फ मारू नका.